शुक्रवारची अकरा गाणी

माझ्या आतेभावाइतकी गाणी रेकॉर्ड करून त्यातलं एकही बाहेर न काढलेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही. हे मी कौतुकाने म्हणते की वैतागून, ते मलाही नक्की सांगता येत नाही. मी अकरावीला होते तेव्हापासून बी.ए. होईपर्यंतच्या पाच वर्षांत त्याच्या रॉक बँडने तीच अकरा गाणी चौदा वेळा रेकॉर्ड केली. चौदाही वेळा मी तिथे होते. बटण दाबायच्या आधी सगळ्यांना "आता कोणी बोलू नका" असं सांगायचं काम माझ्याकडे होतं, आणि शेवटी शेवटी मी इतकी दमले होते की मी ते नुसतं हात वर करून सांगायची. चौदा रेकॉर्डिंगं झाली, पण कॅसेट एकच. प्रत्येक वेळी आधीच्या गाण्यांवर नवीन गाणी. त्यामुळे आमच्या बँडची तेरा रेकॉर्डिंगं कोणीही, कुठेही, कधीही ऐकू शकत नाही. ती चौदाव्याच्या खाली पुरलेली आहेत.

मी त्या घरात कशी आले ते आधी सांगायला हवं. आमचं गाव गणेशपुरीच्या आतल्या बाजूला. आई आणि धाकटी भावंडं तिथे, वडील भिवंडीत लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कामाला आणि राहायला चौघांच्या खोलीत. दहावी झाल्यावर मी कॉलेजला जाणार असं ठरलं, तेव्हा आमच्या घरात आधी कोणीच कॉलेज बघितलेलं नसल्यामुळे, मुलीने तिथे नक्की काय करायचं असतं हे कोणालाच सांगता येईना. फक्त राहायचं कुठे हे सांगता आलं. भिवंडीला लागून असलेल्या शेलारला, आत्याकडे. आत्याचं सासर खाऊनपिऊन सुखी. घराच्या मागे वीस लूमचा गाळा एका शेठला भाड्याने दिलेला, आणि घर आणि गाळा यांच्या मध्ये पूर्वी भाताची पोती ठेवायची एक खोली. त्या खोलीत आत्याच्या मुलाचा बँड. मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन ओसरीवर उभी राहिले तेव्हा मागून लूमचा खडखडाट आणि त्याच्यावर गिटारचा आरडाओरडा असा आवाज येत होता की मला वाटलं मागची भिंत पाडतायत. आत्या म्हणाली, "ये गो आत. काय न्हाय, दादा हाय तुझा."

दादा तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. काडीसारखा अंगाने, धुऊन धुऊन राखाडी झालेला काळा टीशर्ट, आणि केस खांद्याच्या खाली. दुबईला गेलेल्या एका मित्राने पाठवलेल्या कॅसेटी ऐकून तो असा झाला, असं आत्याचं म्हणणं. शेलारमध्ये पुरुषाने इतके केस वाढवले म्हणजे नवस असणार, असं लोक धरून चालायचे. कुठल्या देवीचा, असं बायका आत्याला विचारायच्या. आत्याने वर्षभर खरं सांगून बघितलं, मग कंटाळून "वज्रेश्वरीचा" म्हणायला लागली. त्यामुळे घोटाळा असा झाला की लोक आता पुढचं विचारायला लागले. कशासाठी बोललाय, कधी फिटणार. आत्या एकदा चिडून सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याची कॅसेट निघाली का फिटल!" तेव्हापासून शेलारमधल्या निदान दहा-बारा म्हाताऱ्या आमच्या कॅसेटसाठी मनापासून हात जोडत होत्या. आम्हाला दुसरे श्रोते असे नव्हतेच.

त्याची गिटार कुणाच्याही गिटारशी जुळत नसे. तो ती जवळच्या एका डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याच्या, भोंग्यावर लावायचा. सकाळी सातला भोंगा वाजला की दादा दात घासता घासता, तोंडात फेस, ओसरीवर गिटार घेऊन बसायचा आणि भोंगा चालू आहे तेवढ्यात सहाही तारा लावून घ्यायचा. "हा आवाज रोज तोच असतो, माणसासारखा बदलत न्हाय," असं तो म्हणायचा. एकदा एक कीबोर्डवाला मुलगा आला, कल्याणचा, क्लास केलेला, स्वच्छ शर्ट इन केलेला. त्याने दोन सूर वाजवले आणि घाबरून आपल्या कीबोर्डकडे बघितलं. मग दादाच्या गिटारकडे बघितलं. म्हणाला, "दादा, तुमचं थोडं खाली आहे." दादा म्हणाला, "तुझं वर हाय." तो म्हणाला, "कीबोर्ड खाली करता येत नाही हो." दादाने विचार केला आणि अगदी समजुतीने सांगितलं, "मग डाइंगच्या मॅनेजरला भेट. भोंगा वर होत असेल तर माझं काय म्हणणं न्हाय." तो मुलगा खरोखरच गेला. मॅनेजरने त्याला चहा पाजला, एवढंच कळलं. तो परत आला नाही.

असे लोक यायचे आणि जायचे. माझ्या वहीत पाच वर्षांत बँडमध्ये आलेल्या एकोणीस जणांची नावं आहेत, आणि ही वही मी केवळ दादाने सांगितलं म्हणून ठेवली. मी कॉलेजात जाते म्हणजे लिहिण्याचं सगळं माझंच, असा त्याचा साधा हिशोब होता. गाण्यांचे शब्द लिहायचे मीच. "तू मराठी घेतलंयस ना? मग लिही," असं म्हणून त्याने माझ्यासमोर पेन ठेवलं. मला कविता येत नव्हती. मी जे दिसायचं ते लिहिलं. "खाडी", "दुसरी पाळी", "बायपासवर थांब" ही आमची गाणी. नंतर एक गायक निघून गेल्यावर दुसरा आवाजही मलाच द्यावा लागला. मी नको नको म्हणत होते. आत्या म्हणाली, "घरातल्या घरात हाय, दे."

लोक गेले की दादाचा नियम लागू व्हायचा. नियम असा: जो बँडात न्हाय, तो टेपवर न्हाय. कोणी सोडून गेला की त्याचं वाजवलेलं तो पुसून टाकायचा, म्हणजे सगळी अकरा गाणी नव्या माणसाला घेऊन पहिल्यापासून. मी एकदा भीत भीत म्हटलं, "दादा, दुसरी कॅसेट घेऊ या ना. जुनी राहू दे." तो म्हणाला, "बाय, खोली एकच असते. जुना भाडेकरू गेला का त्याचं सामान ठेवायचं न्हाय, नवा कुठं झोपणार?" भाड्यावर चाललेल्या घरातला मुलगा तो, त्याला हे इतकं उघड वाटत होतं की माझ्याकडे बघून त्याला माझ्या शिक्षणाची काळजी वाटली असावी.

कोणाला काढायचं असेल तर मात्र त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. तो त्याला कोनला जेवायला न्यायचा. कल्याण रोडवर कोनला एक ढाबा होता, तिथे तो त्या माणसाला पोटभर चिकन खाऊ घालायचा, वर सोलकढी प्यायला लावायचा, आणि येताना स्कूटरवर वाऱ्यात काहीतरी पुटपुटायचा. माणसाला ते ऐकू यायचं नाही, पण कळायचं. काही दिवसांनी तर बँडमध्ये कोनचं नाव काढायची चोरी झाली. मी बारावीला असताना दादाने एका संध्याकाळी मला विचारलं, "बाय, येतेस का कोनला?" मी पाण्याचा हंडा तसाच खाली ठेवला. तिथे मी माझं ताट तसंच त्याच्याकडे सरकवलं. तो आपला शांतपणे दोन माणसांचं जेवला. परतताना मी रडतच विचारलं, "दादा, माझं काय चुकलं?" त्याने स्कूटर थांबवली. "कशात?" म्हणाला. आत्याने त्या दिवशी वाल केले होते, आणि त्याला वाल आवडत नाहीत, एवढंच कारण होतं.

बाहेर कार्यक्रम आम्ही एकदाच केला. गावातल्या हळदींमध्ये बोलावणी यायची, पण तिथे जे वाजवायला सांगायचे ते दादाला वाजवायचं नव्हतं. त्याच्या डोक्यात एक दिवस आलं की गणेशपुरीला आश्रमात परदेशी लोक येतात, त्यांना रॉक कळणारच. मी त्याच बाजूची, म्हणून वाट दाखवायला पुढे. ड्रम एसटीत घालताना कंडक्टरने मोठ्या ड्रमचं अर्धं तिकीट फाडलं आणि वर म्हणाला, "याला मांडीवर घ्यायचं, सीट मिळणार नाही." स्टँडपाशी एका झाडाखाली आम्ही बॅटरीवरच्या छोट्या अॅम्प्लिफायरवर वाजवायला सुरुवात केली. भात लावायला निघालेल्या बायका थांबून बघून पुढे गेल्या. पण एक गोरी म्हातारी बाई आली, पारावर बसली आणि डोळे मिटून तीन गाणी हलली नाही. दादाचे डोळे भरून आले. तिसरं गाणं संपल्यावर वसईची गाडी लागली, तशी बाई उठली, कानातून कापसाचे बोळे काढले, आमच्याकडे बघून छान हसली आणि गाडीत चढली. येताना दादा खिडकीबाहेर बघत होता. अंबाडीला गाडी थांबली. मग म्हणाला, "पण बसली."

मला आता जे सांगायचं आहे ते शुक्रवारचं. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. बाकी सहा दिवस खडखडाट इतका की आत्याच्या घरात अर्धं बोलणं हातवाऱ्यांनी चालायचं. आमचा सराव त्या खडखडाटातच व्हायचा, संध्याकाळी. मध्येच लाइट गेली की लूमही बंद आणि अॅम्प्लिफायरही बंद, मग आम्ही बाहेर ओसरीवर चहा पीत बसायचो. रेकॉर्डिंग मात्र शुक्रवारी, कारण तेवढाच एक दिवस शांतता. जुम्म्याची नमाज झाली की इद्रीस यायचा आणि आम्ही सुरू करायचो. इद्रीस आमचा ड्रमवाला. उत्तर प्रदेशातला, गावाकडे मोहरममध्ये ताशा वाजवलेला, आणि इथे आमच्याच मागच्या गाळ्यात रात्रपाळीला. भिंतीला लागून जो शेवटचा लूम होता तो त्याचाच. एकोणीस माणसं बदलली त्यात इद्रीस एकटा पहिल्यापासून होता. त्याला ड्रमचा सेट मिळाला तेव्हा त्याने तो भिंतीला चिकटवून मांडला आणि पाठ भिंतीला टेकवून बसला. तिथून तो कधी हलला नाही.

तर आठवडाभर गाणी अशी व्हायची की माझ्यासारखीलाही अंगावर काटा यायचा, आणि शुक्रवारी तीच गाणी आजारी पडायची. सुरुवात ठीक व्हायची, मग हळूहळू गाणं मागे मागे राहायचं, "दुसरी पाळी" तर शेवटी शेवटी अशी चालायची की जणू गाणंच तिसऱ्या पाळीला निघालंय. दादा कॅसेट ऐकायचा, तोंड पाडायचा, आणि मग दोष शोधायचा. आधी कॅसेटचा. मग उन्हाचा. मग शुक्रवारी माझे बाबा जेवायला येतात म्हणून आत्या मटण करते, ते खाऊन सगळे जड होतात, म्हणून शुक्रवारी मटण बंद. आत्याने ते मनाला लावून घेतलं. एवढं करूनही गाणं उठेना, तेव्हा पाळी माणसांची. गायक उशिरा सूर लावतो. गायक गेला. बास गिटारवाला ओढतो, म्हणजे मागे राहतो. बासवाला कोनला जाऊन आला. नवा आला, पाच-सहा आठवडे बसला, सराव सुरेख, शुक्रवारी पुन्हा तेच. भांडणं व्हायची. लोक चिडून म्हणायचे, दादा, तूच ओढतोस. दादाला ते रात्री झोपू द्यायचं नाही. सकाळी ओसरीवर लाल डोळ्यांनी बसलेला दिसायचा.

त्याला काय हवं होतं हे मला तोपर्यंत पाठ झालं होतं. पैसा नको, नाव नको. अकरा गाणी, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न दमता वाजलेली, एकदा. मीही तेच मागत होते, पण वेगळ्या कारणाने. मला झोप हवी होती. माझी बी.ए.ची परीक्षा डोक्यावर होती, आणि पुन्हा पुन्हा तीच अकरा गाणी म्हणून म्हणून माझेच शब्द मला परके वाटायला लागले होते.

तेराव्या रेकॉर्डिंगच्या दिवशी बास वाजवणाऱ्या रिक्षावाल्याशी जोरात वाजलं. तो बिचारा नवीनच होता. दादा म्हणत होता, तू मागं पडतोस, तो म्हणत होता, मी तुझ्याच मागे आहे, तूच कुठे पुढे आहेस. ओसरीवर माझे बाबा बसले होते. ते दर शुक्रवारी बहिणीकडे जेवायला येत, जेवून कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसत, आणि बहिणीच्या सासरी आहोत म्हणून कुणाशी फारसं बोलत नसत. संगीताबद्दल तर त्यांनी जन्मात शब्द काढला नव्हता. ते उठून दारात आले.

"भाचे, एक बोलू का? राग न्हाय ना येणार?"

"बोला ना मामा."

"परवा बुधवारी मी आलो व्हतो डबा न्यायला. तवा हेच गाणं बेस चाललं व्हतं. आज म्हशीवानी चाललंय."

"तेच तर बोलतोय मी! हा रिक्षावाला..."

"त्याचा काय दोष न्हाय," बाबा म्हणाले. "आज लूम बंद हाय."

सगळ्यांनी वळून बाबांकडे बघितलं. बाबांना वाटलं आपण जास्त बोललो. ते चाचरत म्हणाले, "मना पण शुक्रवारी रस्त्यावर नीट चालता येत न्हाय. सा दिस पाय त्या आवाजावर पडतान. सातव्या दिशी पायाला कलतच न्हाय कवा पडायचं ते."

रिक्षावाला हसायला लागला. इद्रीस हसला नाही. त्याने मागे हात नेऊन तळवा भिंतीवर ठेवला, जसा आपण ताप बघायला कपाळावर ठेवतो तसा.  मग म्हणाला, "दादा, मामा सही बोल रहे हैं. दीवार आज मरी पड़ी है."

दादा खाली बसला. पाच वर्षं आम्ही ज्याला आवाजाचा त्रास म्हणत होतो, त्या शेवटच्या लूमवर आमची अकराही गाणी बांधलेली होती. लूम भिंतीतून इद्रीसच्या पाठीत, इद्रीसच्या हातातून आम्हा सगळ्यांत. आणि दर रेकॉर्डिंगला तो आम्ही निवडून निवडून बाहेर ठेवत होतो. हे कळल्यावर दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. दादाला आधी आठवली ती माणसं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि पुढचे चार-पाच दिवस स्कूटर घेऊन, ज्यांना ज्यांना त्याने ओढतोस म्हणून काढलं होतं त्या सगळ्यांच्या दारी जाऊन आला. मला वहीसकट मागे बसवून, पत्ते शोधायला. पहिला गायक आता ऑर्केस्ट्रात होता, तो बाहेर आलाच नाही, बायकोने सांगितलं घरात नाहीत, आणि आतून तो खोकला. एक जुना बासवाला कंपनीत लागला होता. त्याने दादाचं सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, "म्हणजे मी बरोबर वाजवत होतो?" "बरोबर वाजवत होतास." तो दाराची कडी वरखाली करत राहिला. म्हणाला, "मी गिटार विकली रे." दादा म्हणाला, "मी देतो माझी." तो म्हणाला, "नको. आता वेळ कुठे आहे. बरं झालं सांगितलंस पण."

त्याच्या पुढच्या बुधवारी चौदावं रेकॉर्डिंग केलं. लूम चालू ठेवून. दादा, इद्रीस, रिक्षावाला आणि मी. एकच माइक, छताच्या हुकाला टांगलेला. मी हात वर केला, पण गप्प कोणाला बसवणार, वीस लूम माझं थोडेच ऐकणार होते. अकराही गाणी एका दमात झाली. मध्ये लाइट गेली नाही, हे तर मला आजही खरं वाटत नाही. कॅसेट लावली तेव्हा आधी नुसती गारपीट ऐकू आली, पत्र्यावर पडावी तशी, आणि मग तिच्या आतून गाणं यायला लागलं. माझा आवाज तर कोणीतरी नदीपलीकडून हाक मारावी तसा. पण गाणं कुठेही दमलं नव्हतं. आत्या दाराशी येऊन उभी होती, लाटणं हातात. ती म्हणाली, "ह्या टायमाला शेठच्या लूमला पण घेतला काय बँडात?" दादा म्हणाला, "तो आधीपासून होता आये. आमालाच माहीत नव्हता."

आता फक्त शंभर कॅसेटी काढायच्या आणि स्टँडजवळच्या दुकानात ठेवायच्या एवढंच राहिलं होतं. पण दादा कव्हरवरच्या नावांच्या क्रमावर अडला. इद्रीस पहिला की लूम पहिला, यावर तो दीड महिना विचार करत होता. मी चार वेळा कव्हर लिहिलं. तेवढ्यात गाळ्याच्या शेठने लूम भंगारात काढायचं ठरवलं. त्या वर्षी सगळीकडेच तसं चाललं होतं, आणि शेलारच्या आजूबाजूला गोडाऊनं उठत होती. आत्याच्या यजमानांनीही गाळा पाडून गोडाऊन बांधायला जागा दिली. कागदावर घरातल्या सगळ्यांच्या सह्या लागल्या. दादाचीही लागली. त्याने केली, आणि नंतर बरेच दिवस तो लूमवरच जगणाऱ्या माझ्या बाबांच्या समोर यायचं टाळत होता.

लूम ट्रकवर चढवले त्या दिवशी इद्रीस हिशोब घेऊन आमच्याकडे आला. त्याने दुसरीकडे काम शोधलं होतं, पण मिळालं नव्हतं, आणि गावी त्याच्या वडिलांची तब्येत खालावली होती. तो ओसरीच्या पायरीवर बसला. आत्याने त्याला चहा दिला, वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. दादा आतबाहेर करत होता, बसत नव्हता. शेवटी इद्रीसच म्हणाला, "दादा, वो कॅसेट मिटा देना. नियम तो नियम है. जो नहीं है, वो नहीं है."

दादा म्हणाला, "चहा पी. थंड होतोय."

"मैं बुरा नहीं मानूंगा. नया लड़का ढूंढ लो. हाथ का अच्छा हो, बस."

"चहा पी बोललो ना."

इद्रीस गेल्यानंतरच्या शुक्रवारी मी जीव मुठीत धरून त्या खोलीत गेले. दादाला मी ओळखत होते. पाच वर्षांत त्याने नियम एकदाही मोडला नव्हता. स्वतःच्या सख्ख्या मित्राचं वाजवलेलंही त्याने पुसलं होतं. भिंतीच्या पलीकडे आता काही नव्हतं, पाडलेल्या विटा होत्या, आणि खोलीत आपलाच श्वास ऐकू येत होता. दादा टेपरेकॉर्डरसमोर बसला होता, बोट बटणावर. मी म्हटलं, "दादा, नको ना."  एवढं शिकून ऐन वेळी मला तीनच शब्द आले.  मग त्याने कॅसेट काढली, शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला, "हेड साफ करायला पायजे. खराब येईल." आणि तो हेड साफ करत बसला. संध्याकाळपर्यंत साफ करत होता.

त्यानंतर माझी परीक्षा झाली, आणि एम.ए.साठी मी पुण्याला आले. होस्टेलवर पहिले काही आठवडे मला झोप लागायची नाही, इतकं शांत होतं. ज्या शांततेसाठी मी पाच वर्षं हात जोडले होते ती मिळाली, आणि मला तिच्यात कसं पडायचं ते कळेना. रिक्षावाल्याचं लग्न झालं, तो आता बायपासला गाडी चालवतो. दादाचे केस अजून तसेच आहेत, फक्त कानशिलांवर पांढरे. दिवसा तो गोडाऊनच्या गेटवर ट्रकांच्या पावत्या बघतो.

गेल्या दिवाळीत मी शेलारला गेले होते. फराळ झाल्यावर दादाने मला त्या खोलीत नेलं. ड्रमवर चादर घातलेली होती. मी खूप दिवस मनात ठेवलेलं विचारलं.

"दादा, ती कॅसेट काढ ना आता. शंभर नको, दहा काढ. मी पुण्यात वाटते."

"सगळे येऊ दे, मग काढू."

"कोण येणार आहे? इद्रीस तर सोडून गेला."

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले. "सोडून कुठं गेलाय? गावाला गेलाय. भिवंडीत माणूस गावाला जात न्हाय काय?"

"तीन वर्षं झाली दादा."

"बाप आजारी हाय त्याचा. येईल."

मी ड्रमवरची चादर जराशी उचलली. मग म्हटलं, "आणि मी? मी पण आता बँडात नाही. माझा आवाज पुसायला पाहिजे तुला."

"तुला कोण बोलला न्हाय बँडात? तू शिकायला गेलीस." तो चादरीची घडी नीट करायला लागला, माझ्याकडे पाठ करून. "बाय, 'खाडी'त तू दुसऱ्या कडव्याला जरा लवकर येतेस. मी ऐकत असतो ना, कलतं. इद्रीस आला का ते एवढं परत करू."

मी म्हटलं, "हो दादा. करू."